आभाळाचा सातबारा

बांधाचे भांडण म्हणजे काय, हे वाळवे तालुक्यातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. कृष्णा आणि वारणा या दोन नद्यांच्या मधल्या काळ्या रानात हातभर सरीसाठी सख्ख्या भावांची तोंडे दोन दिशांना झालेली आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. उसाची एक सरी म्हणजे नुसती माती नव्हे, वर्षानुवर्षे कारखान्याला जाणारा ऊस असतो तो. म्हणून आमच्याकडे जमिनीच्या मोजणीला लग्नमुहूर्ताइतके महत्त्व. मोजणीची तारीख आली की भावकी गोळा होते, पुण्या-मुंबईचे वाटेकरी रजा काढून येतात आणि मोजणीदाराच्या प्रत्येक पावलावर दहा डोळे खिळलेले असतात.

पूर्वी ही मोजणी साखळीने होई. ३३ फुटांची साखळी, तिचे १६ आणे, आणि ३३ गुणिले ३३ म्हणजे १०८९ चौरस फुटांचा एक गुंठा. असे ४० गुंठे झाले की एकर. पुढे टेबल आले, मग दुर्बिणीची यंत्रे आली. आता भूमी अभिलेख खात्याचा भूकरमापक रोव्हर घेऊन येतो. एक दांडा, त्याच्या डोक्यावर गोल टोपीसारखे यंत्र आणि हातात पाटी. भारतीय सर्वेक्षण विभागाने महाराष्ट्रात ७० हून अधिक ठिकाणी उपग्रहांचे संदेश रात्रंदिवस टिपणारी कायमची केंद्रे उभारली आहेत. त्यांच्याशी बोलत हा रोव्हर शेताचा कोपरा काही सेंटिमीटरपर्यंत नेमका सांगतो. चांगली गोष्ट आहे. साखळी सैल धरली, ओढून धरली, या तक्रारी तरी संपल्या.

आष्ट्याच्या शिवारातल्या अशाच एका मोजणीला मी उभा होतो. रोव्हरला जागेचा पक्का ठाव लागायला वेळ लागत होता. तेव्हा बांधावर बसलेल्या एका म्हाताऱ्याने विचारले, "आभाळातनं मोजत्यात म्हणं. मग आज ढग हाईत, चालतंय का?" मोजणीदार हसून म्हणाला, "आजोबा, ढगांचं काय नाय त्याला." उत्तर बरोबर होते. उपग्रहाचे संदेश ढगातून, पावसातून आरपार येतात. पण म्हाताऱ्याचा प्रश्नही चुकीचा नव्हता. आभाळातून मोजायचे तर आभाळ कसे आहे हे बघायला नको का? फक्त ज्या आभाळाकडे बघायचे ते ढगांच्या बरेच वर आहे आणि डोळ्यांना दिसत नाही. आजचा लेख त्या आभाळाबद्दल आहे.

जमिनीपासून साधारण ८० किलोमीटरच्या पुढे हवा इतकी विरळ होते की सूर्याच्या अतिनील व क्ष किरणांनी अणूंमधून सुटलेले इलेक्ट्रॉन लगेच परत जागेवर बसत नाहीत, मोकळे हिंडत राहतात. विद्युतभारित कणांच्या या थराला मराठी विश्वकोशकारांनी 'आयनांबर' असे सुरेख नाव दिले आहे. ३०० ते ४०० किलोमीटरच्या आसपास तो सर्वांत दाट असतो आणि पुढे हजार किलोमीटरपर्यंत विरळ होत जातो. सूर्य मावळला की तो ओसरू लागतो, उगवला की पुन्हा भरतो. विहिरीच्या पाण्यासारखा.

या थराशी आपल्या मागच्या पिढीची ओळख नकळत झालेली आहे. १९५२ पासून ज्यांनी रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' ऐकली, त्यांनी आयनांबरच ऐकले म्हणायचे. कोलंबोहून निघालेल्या लघुलहरी सरळ रेषेत गेल्या असत्या तर पृथ्वीच्या गोलाईमुळे अवकाशात निघून गेल्या असत्या. त्या आयनांबराला आपटून परत खाली आल्या, म्हणून अमीन सायानींचा आवाज सांगली जिल्ह्यातल्या माडीवर पोचला. बुधवारी रात्री आवाज मध्येच लांब जाई, परत जवळ येई. घरातले कोणी तरी रेडिओच्या पाठीवर थाप मारी. बिचाऱ्या रेडिओचा दोष नसे, वरचा आरसाच हलत असे. तसेच रात्री मध्यम लहरींवर सांगली केंद्राच्या शेजारी दूरदूरची, अनोळखी भाषांची केंद्रे लागत. दिवसा आयनांबराचा खालचा थर या लहरी गिळून टाकतो, रात्री तो थर विरघळतो आणि वरचा आरसा उघडा पडतो.

१२ डिसेंबर १९०१ रोजी मार्कोनीने इंग्लंडच्या किनाऱ्यावरून अटलांटिक समुद्रापलीकडे बिनतारी संदेश पाठवला, तेव्हा तो गेलाच कसा याचे कोडे पडले होते. पुढल्याच वर्षी केनेली आणि हेविसाइड यांनी वर विद्युतवाहक थर असावा असा तर्क केला आणि १९२४ मध्ये ॲपल्टन व बार्नेट यांनी तो प्रयोगाने सिद्ध केला. ॲपल्टनला १९४७ चे नोबेल मिळाले. त्याच वर्षी कलकत्त्याचे शिशिरकुमार मित्र यांचा वरच्या वातावरणावरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि जगभर पाठ्यपुस्तकासारखा वाचला गेला. या विषयात भारत कधी मागच्या बाकावर नव्हता, ही आठवण इथे करून ठेवतो. पुढे तिचे काम पडणार आहे.

आता रोव्हरकडे वळू. अमेरिकेचे जीपीएस उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. तिथून निघालेला संदेश प्रकाशाच्या वेगाने येतो, तरी त्याला एका सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग लागतोच. संदेश निघाल्याची वेळ आणि पोचल्याची वेळ यांतल्या फरकावरून उपग्रह किती लांब आहे हे यंत्र काढते. असे चार किंवा जास्त उपग्रह मिळाले की जागा ठरते. सगळा खेळ वेळेचा आहे. सेकंदाच्या दशलक्षाव्या भागाची चूक म्हणजे ३०० मीटरची चूक. आणि आयनांबरातून येताना हा संदेश रेंगाळतो. वाटेत मोकळे इलेक्ट्रॉन जितके जास्त, तितका उशीर जास्त.

किती जास्त? उपग्रह ते रिसीव्हर एक चौरस मीटर तोंडाची नळी आहे अशी कल्पना करा आणि त्या नळीतले इलेक्ट्रॉन मोजा. एकावर सोळा शून्ये इतके इलेक्ट्रॉन म्हणजे एक एकक. जीपीएसच्या मुख्य लहरीला एका एककामागे १६ सेंटिमीटरचा उशीर होतो. रात्री उशिरा आपल्याकडे हा आकडा पाच-दहा एककांवर येतो. सूर्य जोरात असलेल्या वर्षी मार्च-एप्रिलच्या दुपारी तो ८० ते १०० पर्यंत चढतो. म्हणजे डोक्यावरच्या उपग्रहाच्या अंतरात १६ मीटरपर्यंतचा फरक, आपल्या जुन्या मापात जवळजवळ दीड साखळी. क्षितिजाजवळच्या उपग्रहाचा संदेश तिरका येतो, त्याला हाच थर दुप्पट-तिप्पट जाड पडतो. बांधाच्या हातभर जागेवरून जिथे कोर्टात तारखा पडतात, तिथे दीड साखळी म्हणजे काय याचा हिशेब वाचकांनीच करावा.

घाबरण्याचे कारण नाही, कारण यावरचा उपाय निसर्गानेच देऊन ठेवला आहे. हा उशीर सगळ्या लहरींना सारखा होत नाही. पावसात बागणीहून आष्ट्याकडे दोन माणसे एकाच वेळी पायी निघाली आहेत असे समजा. दोघांची चाल सारखी, पण एक अंगाने जड आहे, चिखलात त्याचा पाय जास्त रुततो. रस्ता कोरडा असता तर दोघे बरोबर पोचले असते. आता जड माणूस मागून येतो. तो किती वेळाने आला यावरून आष्ट्याच्या वेशीत बसलेल्या माणसाला वाटेतल्या चिखलाचा अंदाज येतो, स्वतः वाट न पाहता. उपग्रहही दोन लहरी एकदम सोडतो. जीपीएसच्या दुसऱ्या, कमी कंपनांच्या लहरीला एका एककामागे १६ ऐवजी जवळजवळ २७ सेंटिमीटरचा उशीर होतो. दोघींच्या पोचण्यातला फरक मोजला की वाटेतले इलेक्ट्रॉन किती ते कळते, मग चूक वजा करून टाकता येते.

मोजणीदाराला ती चूक वजा झाली की पुरे. पण शास्त्रज्ञाने नेमकी ती वजा केलेली चूकच उचलली. एकाला कचरा वाटला ते दुसऱ्याला धान्य! पूर्वी आयनांबर मोजायचे तर खालून रेडिओलहरी सोडणारी मोठी यंत्रणा लागे, नाहीतर थुंब्याहून २१ नोव्हेंबर १९६३ ला सुटले तसे अग्निबाण सोडावे लागत. आता दोन लहरी टिपणारा साधा रिसीव्हर छपरावर ठेवला तरी एकाच वेळी आठ-दहा उपग्रहांच्या दिशांनी आयनांबराची जाडी दर सेकंदाला मोजली जाते. अशी हजारो यंत्रे जगभर दुसऱ्याच कामांसाठी बसवलेली आहेत. कुठे भूखंडांचे सरकणे मोजायला, कुठे रस्ते आखायला, कुठे शेत मोजायला. आयनांबराची खबर ती सगळीच देतात. फक्त ती ठेवून घेणारा कोणी हवा.

सांगली-कोल्हापूरच्या डोक्यावरचे आयनांबर तर विशेष खोडकर आहे. पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकातून जाते. थुंबा त्यासाठीच निवडले गेले होते. दिवसा या रेषेवरचे इलेक्ट्रॉन विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांच्या जोडओढीने वर उचलले जातात आणि कारंज्याच्या पाण्यासारखे उत्तरेला व दक्षिणेला पडतात. त्यामुळे सूर्य खऱ्या अर्थाने माथ्यावर असलेल्या भागापेक्षा अहमदाबाद, भोपाळ, कलकत्ता या पट्ट्यात आयनांबर जास्त दाट होते. हे उलटे गणित ॲपल्टनने १९४६ मध्ये जगापुढे मांडले. आपण या कारंज्याच्या उतारावर आहोत, कड्याच्या आधी. उतारावरच्या रानात ओलावा जसा चार पावलांवर बदलतो, तसे इथले आयनांबर थोड्या अंतरात बदलते.

दुसरी खोडी संध्याकाळची. सूर्य मावळल्यावर आयनांबराचा खालचा भाग झपाट्याने विरळ होतो, वरचा दाटच राहतो. जड वर, हलके खाली, अशी अवघड स्थिती होते. मग खालच्या विरळ भागाचे बुडबुडे दाट भागात घुसून वर चढतात. गुऱ्हाळात काहिलीला जाळ लागला की बुडाचे बुडबुडे रसातून उसळी मारून वर येतात ना, तसे. हे बुडबुडे मात्र दहा-वीस किलोमीटरपासून शंभर-दोनशे किलोमीटरपर्यंत रुंद असतात, चुंबकीय रेषांच्या बाजूने उत्तर-दक्षिण लांबच लांब ताणले जातात आणि पूर्वेकडे सेकंदाला शंभरेक मीटर वेगाने सरकतात. विषुववृत्तावर साधारण ५०० किलोमीटरच्या वर चढलेल्या बुडबुड्याची शेपटी आपल्या माथ्यावर पोचते. तेवढी उंची ते फेब्रुवारी ते एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर या महिन्यांत बऱ्याचदा गाठतात. त्यातून येणारा उपग्रहाचा संदेश चांदणीसारखा लुकलुकतो, कधी तुटतोच.

हे कुठल्या परदेशी प्रबंधातले नाही. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेची वेधशाळा आहे. तिथले रडार ६० ते १०० किलोमीटरच्या दरम्यानचे वारे मोजते. तिथूनच संपूर्ण आकाश एका नजरेत घेणाऱ्या कॅमेऱ्याने रात्रीच्या आयनांबराचा अतिमंद तांबडा उजेड टिपला गेला आहे. सुमारे अडीचशे किलोमीटर उंचीवरून येणारा हा उजेड डोळ्यांना दिसत नाही. छायाचित्रात बुडबुडे त्या उजेडातल्या काळ्या, उत्तर-दक्षिण पट्ट्यांसारखे उमटतात आणि तासाभरात पूर्वेला सरकलेले दिसतात. आपल्या घराच्या गच्चीवरच्याच आकाशात रात्री साडेआठ-नऊला हे चालते आणि आपण मालिका बघत बसलेलो असतो! पण कॅमेऱ्याला अमावास्येच्या अलीकडच्या, निरभ्र रात्री लागतात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आमच्या भागात तसली रात्र म्हणजे उंबराचे फूल. उपग्रहाच्या संदेशाला पावसाचे वावडे नाही. म्हणून दोन्ही हवेत.

मग मोजणी खरी की खोटी, असा प्रश्न वाचकांच्या मनात आला असेल. खात्याचा रोव्हर दोन किंवा अधिक लहरी वापरतो आणि शिवाय कायमच्या केंद्राशी तुलना करतो. केंद्र आणि रोव्हर जवळजवळ असले की दोघांच्या डोक्यावर आभाळ सारखे असते, चूक सारखी होते आणि वजाबाकीत उडून जाते. केंद्र लांब असेल, वेळ भर दुपारची असेल आणि सूर्य खवळलेला असेल, तर दोन्हींकडचे आभाळ सारखे राहत नाही आणि रोव्हर ठाव घ्यायला अडतो. अडतो, खोटे बोलत नाही. हे महत्त्वाचे. चांगला मोजणीदार अशा वेळी थांबतो, यंत्र पुन्हा लावतो, दुसऱ्यांदा वाचन घेतो. त्याला "लवकर उरका" म्हणून टोचणाऱ्या भावकीने तेवढा दम धरावा. बुडबुड्यांचा त्रास तर रात्रीचा, आणि रात्री कोणी शेत मोजत नाही.

खरी काळजी मला वेगळीच वाटते. हल्ली मोबाइलवर शेत मोजायची सोय झाली आहे. पोरगे मोबाइल हातात धरून बांधाबांधाने फिरते आणि घरी येऊन सांगते, "आप्पा, आपलं अडीच गुंठं रान शेजाऱ्यानं खाल्लंय." साध्या मोबाइलमध्ये एकच लहर असते. आयनांबराची चूक काढायला तो उपग्रहाकडून येणाऱ्या आठ आकड्यांचे क्लोबुचर नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाचे ठोकताळ्याचे गणित वापरतो. त्याने निम्मी चूक जाते, निम्मी उरते. २०१८ पासून दोन लहरी घेणारे मोबाइल बाजारात आले, पण झाडाझुडपांवरून, घरांवरून आपटून येणाऱ्या संदेशांची चूक त्यांनाही चुकत नाही. एकाच फेरीत, दहा मिनिटांत सगळे कोपरे घेतले तर सगळ्यांची चूक साधारण एकाच बाजूची असते, त्यामुळे क्षेत्रफळ बरे येते. बांध नेमका कुठे, हे मात्र मोबाइल सांगू शकत नाही. त्यावर विसंबून कुऱ्हाड उचलणे म्हणजे आयनांबराच्या भरवशावर कोर्टाची पायरी चढणे आहे.

सूर्य खवळला की काय होते, त्याचा ताजा अनुभव १० आणि ११ मे २०२४ चा. सूर्यावरून सुटलेल्या विद्युतभारित कणांच्या लोंढ्यांनी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला वीस वर्षांतला सर्वांत मोठा झटका दिला. लडाखमधल्या हानले इथल्या कॅमेऱ्यांनी आपल्या आकाशात तांबूस ध्रुवीय प्रकाश टिपला, त्याची छायाचित्रे सर्वांनी पाहिली. त्या छायाचित्रांच्या गर्दीत एक बातमी झाकली गेली. अमेरिकेत तेव्हा मक्याच्या पेरणीची घाई होती. तिथले ट्रॅक्टर उपग्रहाच्या इशाऱ्यावर सेंटिमीटरच्या नेमकेपणाने तास ओढतात. आयनांबर ढवळले आणि ट्रॅक्टरांना आपण कुठे आहोत तेच कळेना. ऐन हंगामात शेतकऱ्यांना पेरणी थांबवावी लागली. आपल्याकडे ड्रोनने फवारणी सुरू झाली आहे, उसाच्या सऱ्या उद्या अशाच यंत्राने सुटतील. तेव्हा आभाळाची खबर शेतकऱ्याला पावसाच्या खबरीइतकीच लागेल.

या बाबतीत महाराष्ट्राकडे एक ठेवा आहे, आणि तो पुरेसा कोणाला माहीत नाही. १ आणि २ सप्टेंबर १८५९ ला इतिहासातले सर्वांत गाजलेले सौरवादळ झाले. युरोप-अमेरिकेत तारायंत्रांच्या कचेऱ्यांत ठिणग्या उडाल्या. त्या वेळी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतले निरीक्षक चुंबकसूचीची नोंद हाताने वहीत उतरवत होते. सूची प्रमाणाबाहेर घसरली, तरी नोंद चुकली नाही. जवळजवळ दीडशे वर्षांनी, २००३ मध्ये, भारतीय व परदेशी शास्त्रज्ञांनी त्या आकड्यांवरून वादळाचा जोर काढला. चुंबकीय क्षेत्रात सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घट. मे २०२४ च्या वादळाचा जागतिक निर्देशांक उणे ४०० च्या थोडा खाली गेला होता, म्हणजे तुलना कळेल. दोन्ही आकडे एकाच जातीचे नाहीत, पण अंदाज यावा. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामी येणार, त्यांनी चुंबकसूची बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा उभी राहिली. नानाभॉय फ्रामजी मूस यांनी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी बरोबरीने नोंदी घेतल्या, मांडणीत तुटक येऊ नये म्हणून. ट्राम १९०७ मध्ये धावली. आज ती ट्रामही नाही. अलिबागची नोंद चालू आहे.

कुलाब्याच्या त्या निरीक्षकांना उपग्रह ठाऊक नव्हता, आयनांबर हा शब्दही जन्मायचा होता. या नोंदींचा उपयोग काय, असे त्यांना विचारले असते तर त्यांना समाधानकारक उत्तर देता आले नसते. तरी त्यांनी नोंद केली. हे मी मुद्दाम लांबवून सांगतो आहे.

आता भूकंपाविषयी. आष्ट्यात या विषयावर बोलावे आणि कोयनेचा प्रश्न येऊ नये, हे शक्य नाही. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट इथल्या म्हाताऱ्या माणसांच्या अंगावर अजून काटा आणते. कोयनानगर इथून हवाई अंतराने ८०-९० किलोमीटर. आणि १९९३ च्या किल्लारीनंतर तर कोणत्याही नव्या यंत्राला पहिला प्रश्न हाच असतो, ते भूकंप आधी सांगेल का? एवढे खरे आहे की मोठ्या भूकंपात जमीन ढोलाच्या कातड्यासारखी हलते, तिची ऐकू न येणारी हवेची लाट वर जाते आणि दहाएक मिनिटांत आयनांबराला हलवते. १९९४ च्या कॅलिफोर्नियातल्या नॉर्थरिज भूकंपानंतर ही थरथर जीपीएसच्या नोंदींत सापडली आणि १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. २००४ च्या सुमात्रा भूकंपाची सापडली. १५ जानेवारी २०२२ ला टोंगाचा ज्वालामुखी फुटला, त्याची लाट तर आयनांबरातून जगभर फिरली. जुलै २०२५ मध्ये रशियाच्या कामचात्का किनाऱ्यावरच्या भूकंपानंतर निघालेल्या त्सुनामीचा माग अमेरिकेच्या नासाने याच पद्धतीने, लाट हवाईला पोचण्याच्या आधी काढला. पण हे सगळे भूकंप झाल्यानंतरचे. २०११ च्या जपानच्या महाभूकंपापूर्वी ४० मिनिटे इलेक्ट्रॉन वाढू लागले होते, असे तिथले शास्त्रज्ञ हेकी यांनी मांडले. इतरांनी तेच आकडे तपासून शंका घेतली. वाद मिटलेला नाही. कोयनेचे नेहमीचे धक्के तर या मानाने किरकोळ, आयनांबरापर्यंत त्यांचा आवाजही पोचत नाही. तेव्हा व्हॉट्सॲपवर "आयनांबरात बदल, ४८ तासांत भूकंप" असे काही आले तर ते पुढे पाठवू नये. सूर्य रोज आयनांबरात बदल करतो, आणि भूकंप रोज होत नाहीत.

उलट जिथे हे शास्त्र नक्की कामाला आले, तिकडे लक्ष द्यावे. विमान ढगाळ हवेत धावपट्टीवर उतरवायचे तर मीटरभराची चूकही महाग पडते. इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाने 'गगन' ही यंत्रणा उभारली तेव्हा सगळ्यांत मोठी अडचण आपल्या खोडकर आयनांबराची होती. अमेरिका-युरोपच्या वरचे आभाळ त्यामानाने शहाणे, तिथली गणिते इथे चालेनात. मग देशभर रिसीव्हर बसवून वर्षानुवर्षे नोंदी गोळा केल्या आणि आपले स्वतःचे गणित बसवले. ३० डिसेंबर २०१३ ला 'गगन'ला पहिले प्रमाणपत्र मिळाले. २८ एप्रिल २०२२ ला राजस्थानातल्या किशनगडला प्रवासी कंपनीचे विमान 'गगन'च्या मदतीने उतरवून पाहिले गेले. लहान गावांच्या विमानतळांवर महागडी यंत्रणा नसते, तिथे याचा उपयोग फार.

आपल्या स्वतःच्या 'नाविक' मालिकेचे तर आयनांबराच्या अभ्यासाशी छान जुळते. तिच्या दोन लहरी एकमेकींपासून खूप दूर आहेत. एकीला एका एककामागे २९ सेंटिमीटरचा उशीर, दुसरीला साडेसहाचा. जड माणूस आणि हलका माणूस यांत इतका फरक असला की चिखल अचूक मोजला जातो. शिवाय तिचे काही उपग्रह आकाशात एकाच जागी स्थिर दिसतात, म्हणजे आयनांबराच्या एकाच तुकड्यावर चोवीस तास नजर ठेवता येते. दुर्दैवाने या मालिकेच्या अनेक उपग्रहांची अणुघड्याळे बिघडली. २९ मे २०२३ ला सोडलेल्या एनव्हीएस-०१ वर देशी घड्याळ बसले, पण २९ जानेवारी २०२५ ला गेलेला एनव्हीएस-०२ ठरलेल्या कक्षेत पोचला नाही. या अपयशावर वर्तमानपत्रांत चार दिवस चर्चा झाली आणि थांबली. ती थांबायला नको होती.

माझी मागणी मात्र इस्रोइतक्या उंचीवरची नाही. महाराष्ट्रातली ती ७० हून अधिक कायमची केंद्रे आपल्या करातून उभी राहिली आहेत. शेताचा कोपरा ठरला की त्यांच्या त्या क्षणाच्या नोंदीचे मोजणीपुरते काम संपते. ती कच्ची नोंद, प्रत्येक केंद्राची, प्रत्येक दिवसाची, कायम जपून ठेवावी आणि महाविद्यालयांना विनामूल्य, अर्ज-विनंत्यांच्या फेऱ्यांशिवाय मिळावी. सूर्याचे चक्र अकरा वर्षांचे असते. सध्याच्या चक्राचा जोराचा काळ आल्याचे ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झाले होते. या वर्षांच्या नोंदी हरवल्या तर तसल्याच नोंदींसाठी पुढच्या दशकाच्या मध्यापर्यंत वाट पाहावी लागेल.

आणि नुसत्या सरकारकडे बोट दाखवून चालणार नाही. आष्टा, सांगली, कऱ्हाड, कोल्हापूर या टापूत अभियांत्रिकीची आणि विज्ञानाची कितीतरी महाविद्यालये आहेत. दरवर्षी शेवटच्या वर्षाची मुले प्रकल्प म्हणून पाण्याची टाकी भरली की घंटा वाजवणारे यंत्र करतात. वर्षानुवर्षे तीच टाकी, तीच घंटा! दोन लहरी घेणारा रिसीव्हर आता एखाद्या चांगल्या मोबाइलच्या किमतीत मिळतो. तो महाविद्यालयाच्या गच्चीवर बसवावा. दर संध्याकाळी सात ते अकरा संदेश किती लुकलुकला याचा आलेख काढावा. सांगलीच्या मुलांनी आपला आलेख कऱ्हाडच्या मुलांच्या आलेखाशेजारी ठेवला आणि एकच बुडबुडा दोन्हीकडून थोड्या वेळाच्या अंतराने गेलेला सापडला, तर त्याचा वेग त्यांना कागद-पेन्सिलीने काढता येईल. कोल्हापूरच्या वेधशाळेतल्या शास्त्रज्ञांना असले आलेख नकोसे होतील असे मला वाटत नाही.

सप्टेंबरचे दिवस आणि रात्री सारख्या होऊ लागल्या की बुडबुड्यांचा हंगाम सुरू होतो. महाविद्यालयांचे नवे वर्ष तोवर रुळलेले असते, परीक्षा लांब असतात. यंत्र मागवायला आणि गच्चीची किल्ली कोणाकडे आहे ते शोधून ठेवायला पावसाळ्याचे महिने पुरेत.